बसायच्या जागेचं ऑपरेशन

शुभांगे, ये इकडं. अशी जवळ बस. आधी तो मोबाईल पालथा घालून ठेव बघू. तुला सांगलीला फोन केला की तू "हां मावशी, हां मावशी" करतेस आणि तिकडं दुसऱ्याच कुणाशी बोलत असतेस, हे मला कळत नाही का? माझी खालची बाजू बिघडलीय, कान शाबूत आहेत.

म्हणून हे लिहून काढतेय. शाळा माझी दुसरीत सुटली आणि मेंढरांमागं गेले. अक्षरं पुढं एसटीच्या पाट्या वाचून जुळवली. तेव्हा चुका काढत बसू नकोस. तू माझ्या धाकट्या बहिणीची पोर. सांगलीत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून स्वतःचं पोट भरतेस, त्याचं मला कौतुक आहे. पण दिवाळीला आलीस आणि मोबाईलवर कुठल्या कुठल्या बायांचे फोटो दाखवून म्हणालीस, "मावशी, मलाबी मागनं असं भरून घ्याचंय. दवाखान्याची तारीखबी घेतलीया. तू केलंयस की, कसं असतंय सांग."

घरात माणसं होती. मी "बघू" म्हणाले. तू कपाळाला हळदीकुंकू लावून घेतलंस आणि गाडी धरलीस. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. तुझी तारीख यायच्या आधी हे तुझ्या हातात पडावं. दुसऱ्या कुणा बाईच्या हातात पडलं तरी चालेल. लाजायचं तेवढं लाजून झालंय माझं.

खळगा

आधी माझं कसं झालं ते ऐक, कारण तुझं आणि माझं सारखं नाही.

माझा संतोष रांगत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही म्हसवडची माणसं, पावसाळा सरला की मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूनं खाली कोकणात उतरायचो. वाटेत मला ताप भरला. आता आमच्या लोकांचं तुला माहीतच आहे. गोळीनं ताप जातो यावर कुणाचा विश्वास नाही. सुई पाहिजे, आणि ती कमरेतच पाहिजे. दंडात टोचली तर म्हणायचं, डाक्टरनं आज अर्धंच औषध घातलं. बाजारातल्या एका माणसानं कमरेत सुई मारली. त्याला डॉक्टर म्हणत होते, म्हणून मीही म्हणते. ताप गेला. सुईच्या जागी गाठ आली.

गाठ आली की काय करायचं? शेकायचं. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून माझ्या सासूनं शेकलं. वर पुन्हा मेंढरांमागं चालणं. गाठ पिकली, आत पू झाला, आणि साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं तोवर डाव्या बाजूचं मांस सडलं होतं. ते कापून काढलं. जीव वाचला. पण तिथं असा खळगा पडला, की मूठ ठेवली तर मूठ मावावी.

तेव्हापासून मी कधी सरळ बसले नाही. डावीकडं टेकलं की हाड जमिनीला लागायचं. माझा धंदा बसायचा. म्हसवडच्या बाजारात, औंधला यमाईच्या यात्रेत घोंगडी मांडून सकाळपासून बसायचं. एका बाजूला घोंगड्याची घडी घालून मी तिरकी बसायची. शेजारची बांगड्यावाली म्हणायची, "ही बया माल इकाया बसलीया का उठून पळाया?" मी पण हसायची. पण त्या तिरकं बसण्यानं कंबर गेली, मग पाठ गेली, आणि एका वर्षी औंधला घोंगडी गुंडाळायला उठले ती उठताच येईना. दोन बायांनी काखेत धरून उभं केलं.

मिरजेला

मिरजेत एक डॉक्टरबाई असली कामं करतात असं सुनेला कुठूनसं कळलं. माझी सून मनीषा. संतोष फौजेत, तो लांब सरहद्दीवर. घरात मी, मनीषा आणि तुझे काका. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "नातवंडं खेळवायच्या वयात बया ढुंगान नवं कराया निघालीया!"

मी म्हटलं, "तुमच्या धोतराला आजवर किती ठिगळं लावली, तवा कुनी हसलं व्हतं का?"

मनीषा पदरात तोंड घालून हसली. आमच्याकडं तेवढंच शेवटचं हसणं झालं बघ. पुढं बरेच दिवस कुणी हसलं नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं. खळग्यात बसवायचा एक पांढरट, मऊ गोळा माझ्या हातात दिला. दाबून बघितला. दूध काढून झालेल्या मेंढीच्या कासेसारखा लागला. त्या म्हणाल्या, "मावशी, पोटाची चरबी काढून भरली असती, पण तुमच्या अंगावर चरबीच नाही." जन्मभर चाललेलं अंग ते, त्यावर चरबी कुठली!

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आज तुला शब्दाला शब्द सांगते, कारण त्या दिवशी ते माझ्या कानात शिरलं आणि बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, "ही बसायची गादी नाही. तुम्ही ज्या हाडावर बसता ते खाली असतं आणि हे वरच्या बाजूला, मांसाच्या आत बसतं. आकार भरून येईल. दुखणं जाईलच असं मी म्हणणार नाही. आधी पू झालेली जागा आहे, तिथं पुन्हा पू होऊ शकतो. तसं झालं तर हे काढावं लागेल. आणि टाके भरेपर्यंत बसायचं नाही. मी सांगेपर्यंत अजिबात नाही. पालथं झोपायचं, नाहीतर उभं राहायचं."

मनीषानं विचारलं, "जेवायला?"

"उभ्यानं."

"आन् गाडीतनं घरी कसं न्यायचं?"

"पालथं."

एवढं सगळं सांगितलं, आणि मी धरून ठेवलं काय, तर 'भरून येईल'. गरजवंताला कान नसतात गं. तू तुझ्या डॉक्टरांकडं जाशील तेव्हा तुझंही असंच होणार. म्हणून बरोबर असं माणूस ने, ज्याला त्या ऑपरेशनची हौस नाही. ते ऐकेल.

पालथं

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा तोंड उशीत, पोट खाटेवर आणि मागं कुणी निखारे भरून ठेवल्यासारखं. जखमेतून एक नळी बाहेर आणि तिला बाटली. बाटलीत लाल पाणी. लहानपणी पालथं निजलं की आई पाठीत धपाटा घालायची, "पालथं निजू नये" म्हणून. आणि आता सरळ व्हायचं नाही म्हणून नर्स दटावायची.

पालथं पडल्यावर माणसाला माणसाचे फक्त पाय दिसतात. पायांवरून ओळखायला शिकले. निळ्या चपला आल्या की पट्टी बदलायची वेळ. पांढरे बूट आले की डॉक्टर. नखाला मेंदी असलेले पाय आले की मनीषा. पट्टी बदलताना मी उशी दातात धरायची.

आणि परसाकडं. ते सांगायलाच पाहिजे, कारण फोटोतल्या बाया ते सांगत नाहीत. बसायचं नाही म्हणजे तिथंही नीट बसायचं नाही. अर्धवट उभं राहून, भिंतीचा दांडा धरून करायचं, आणि धुवायचं दुसऱ्यानं. टाके तिथून जवळ, घाण लागली की संपलं. माझ्या सुनेनं मला धुतलं. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. पहिल्या वेळी ती म्हणाली, "आत्या, तुमी डोळं झाका, मीबी झाकते." मी म्हटलं, "अगं, तू झाकलंस तर धुशील कुठं?" तिला रडू फुटलं आणि मलाही. तिनं मान वळवून, पण सगळं नीट केलं. शुभे, ऑपरेशन ठरवायच्या आधी हे विचार, आपल्याला कोण धुणार. सांगलीच्या त्या खोलीत तुला कोण आहे?

भेटायला येणारी माणसं

घरी आले ती जीपमध्ये मागं पालथी पडून. घरी आल्यावर खरं संकट सुरू झालं.

गावात मी सांगितलं होतं, मणक्याचं ऑपरेशन. दुसरं काय सांगणार? मेंढक्याच्या बायकोनं या वयात मागचा भाग भरून घेतला म्हटलं असतं, तर पार औंधपर्यंत हसले असते. संतोषलाही फोनवर मणकाच सांगितला.

आजारी माणसाला भेटायला जाणं आमच्याकडं चुकवत नाहीत. नाही गेलं तर ते वर्षानुवर्षं उकरून काढतात. रोज कुणी ना कुणी यायचं, हातात बिस्किटाचा पुडा, नाहीतर साखर आणि चहाची पुडी. आणि प्रत्येक जण मणक्यातला डॉक्टर.

"पडून ऱ्हाऊ नगा सोनाबाई, मनका आखडतो."

"माझ्या मेव्हण्याला तिसऱ्या दिशी बसवलं व्हतं. टुणटुणीत हाय आता."

"सून उठू देत न्हाई वाटतं म्हातारीला!"

हे शेवटचं मनीषाच्या तोंडावर बोलले. ती बिचारी आत जाऊन चहा ठेवायची. तिला खरं माहीत होतं, पण माझी शपथ होती तिला.

तरी बाया आल्या तर मी पडून राहायची. पण एक दिवस तात्या आले. तात्या म्हणजे तुझ्या काकांचे चुलते, आमच्या भावकीतलं सगळ्यात मोठं माणूस. या घरात आले त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढं कधी खाटेवर बसले नाही, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. आणि आता त्यांच्यापुढं पालथं पडायचं? त्यांच्याकडं पाठ, तीही तसली पाठ करून? त्यांची काठी उंबऱ्याला वाजली आणि मी उठले. पदर घेतला आणि बसले.

मनीषा दारातून डोळ्यांनी खुणावत होती. "आत्या, निजा. आत्या, डॉक्टरनी काय सांगितलंय..."

तात्या म्हणाले, "बसू दे गं पोरी. बसल्याबिगर मानूस बरं हुतं का?"

आणि खरं सांगू का शुभे, मला बसता आलं. सरळ. दोन्ही बाजूंनी. इतक्या वर्षांनी मी सरळ बसून तात्यांशी पाऊसपाण्याचं बोलले. दुखत होतं, पण मला इतका आनंद झाला होता की मला वाटलं, डॉक्टरबाई उगीच भीती घालतात.

मग जो कुणी मोठा येईल त्याच्यासाठी मी उठून बसायला लागले.

वास

जन्म मेंढरांत गेलाय माझा. मेंढराच्या जखमेत किडे पडायच्या आधी तिला एक वास येतो. गोडसर, कुजल्या पेंडीसारखा. तो वास आला की मेंढका म्हातारा असो नाहीतर पोर, हातातलं काम टाकून उठतो.

एके सकाळी मला तो वास आला. मी मनीषाला म्हटलं, "कुठलं मेंढरू जखमी हाय का बघ."

आमच्याकडं आता मेंढरं उरलीतच कुठं? ती बाहेर जाऊन आली. म्हणाली, "आत्या, बाहेर कायबी न्हाई." मग ती माझ्याजवळ आली, वाकली आणि तिचा चेहरा पडला. परकर भिजला होता. तिनं कापड बाजूला केलं.

"काय दिसतंय?"

"आत्या, टाकं उसवल्यात. आतलं पांढरं दिसतंय."

ते मांस नव्हतं. तोच गोळा होता.

मिरजेला नेताना जीपमध्ये अशी थंडी भरली, की दोन घोंगडी घालून दात वाजत होते. पुढच्या सीटवर काका बसले होते. ते एकदाही मागं वळले नाहीत. मला वाटलं रागावलेत. मनीषानं नंतर सांगितलं, ते रडत होते.

डॉक्टरबाईंनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "बसलात?"

मी हो म्हटलं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या बाहेर गेल्या आणि काकांना म्हणाल्या, विष रक्तात उतरायला लागलंय, गोळा आत्ताच काढावा लागेल, आणि त्यानंतरही मी आज काही खात्री देत नाही.

मला आत नेत होते तेव्हा काकांचा फोन वाजला. गावाकडनं कुणीतरी, मणका कसा आहे म्हणून विचारत होतं. तुझे काका आयुष्यात मोठ्यानं बोलले नाहीत, मेंढरांना सोडून. ते त्या गर्दीत ओरडले, "मनका न्हाई! ढुंगनाचं आप्रेशन हाय तिचं, ढुंगनाचं! बसायचं न्हाई तिनं! बसवून बसवून मारली तिला! सांग समद्यास्नी, आन् कुनी बघाया येऊ नगा!"

सगळी माणसं वळून बघायला लागली. स्ट्रेचरवर मी तोंड लपवायला उशी शोधत होते. पण शुभे, त्या क्षणी छातीवरचा दगड उतरला. मरायचं तर आता खोटं बोलत मरायला नको, असं वाटलं.

आता

मेले नाही. मशिनांच्या खोलीत किती पडून होते ते मला धड आठवत नाही. संतोषला मनीषानं खरं सांगितलं. त्याचा फोन माझ्या कानाला लावला. तिकडून वारा ऐकू येत होता. मग म्हणाला, "आये, मला सांगायचं की गं." बस्स, एवढंच.

गोळा काढला. त्याच्याबरोबर आणखी मांस गेलं. आधी मूठ मावायची, आता दोन मावतील. टाके घालता आले नाहीत, जखम उघडीच ठेवलीय. तळापासून आपली आपण भरत येऊ दे म्हणतात. रोज मनीषा आत पट्टी भरते आणि रोज काढते. बसता येत नाही. तिरकंसुद्धा नाही. घोंगडी घेऊन मनीषा बाजारात बसते, मी पोटावर पडून हे लिहितेय. कोपरांना घट्टे पडलेत.

डॉक्टरबाई म्हणतात, जखम भरली, वर्ष गेलं, की पुन्हा काही करता येईल का बघू. मी नको म्हटलं. त्यांचा दोष नाही. त्यांनी सगळं सांगितलं होतं. माझ्यात तेवढं मांस उरलं नाही आणि तेवढी हिंमतही.

तात्या परत आले होते. काठी उंबऱ्याला वाजली तशी मी सवयीनं कोपरावर उठले. ते बाहेरूनच म्हणाले, "उठलीस तर माझी आन हाय तुला." मग आत आले आणि माझ्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "तू माझ्याकडं पाठ कर, मी तुझ्याकडं करतो. फिट्टंफाट. आता बोल, भाकरी खाल्लीस का?" ब्याऐंशीच्या पुढचं माणूस ते, काठीवर तोललेलं. तसंच उभं राहून तास-दीड तास बोललं. ते गेल्यावर उशी ओली झाली होती.

तर शुभांगे, मी तुला करू नको म्हणणार नाही. अंग तुझं, कमाई तुझी. तुला कुणी काय बोललं असेल, कुणी हसलं असेल, ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारणार नाही. पण माझ्या बाजूला खळगा होता. तुझी बाजू धडधाकट आहे. त्यात चीर पाडून घ्यायची आहे एवढं ध्यानात ठेव. गोळा आत कसा बसवणार हे सगळे सांगतील. बिघडलं तर कोण काढणार, कुठं, आणि काढल्यावर काय उरणार, ते तू विचार. दुकानात मालकाला काय सांगणार? मणका म्हणू नकोस बाई. ज्यांच्यात राहायचं त्यांच्यापैकी एकाला तरी खरं सांग, म्हणजे कुणी बस म्हणणार नाही. आणि करून घेतलंसच, तर पुढं जन्मात कधी ताप आला, तर कमरेत सुई घेऊ नकोस. ती सुई आतल्या गोळ्यापर्यंत जाते. आधी सांग, माझ्या आत असं असं आहे. लाजलीस की मेलीस.

पण हे सगळं कागदावरचं. कागदाला वास नसतो.

म्हणून म्हणते, तारखेच्या आधी एकदा ये. मी उठून बसणार नाही, पाणी द्यायलाही उठणार नाही, पाठ करूनच पडलेली असेन. मनीषा सकाळी पट्टी सोडते, तेव्हा तिच्या शेजारी उभी राहा आणि आत बघ. नीट बघ. मग जा आणि तुला वाटेल ते कर, मी एक शब्द बोलणार नाही.

येणारे-जाणारे सगळे म्हणतात, सोनाबाई, लवकर बऱ्या व्हा. तू तेवढी मी बरी व्हायच्या आधी ये.